पुण्यात गळ टाकायचा असेल तर

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच सांगते: मिळत नाही. पुण्यातल्या बागेतल्या तळ्यात मासे पकडण्याचा परवाना मिळत नाही, आणि विचारायला गेलं की लोक 'बरं आहे ना तुमचं?' अशा नजरेने बघतात. तरी मी एक अख्खा शुक्रवार, टाकीभर पेट्रोल आणि मॅनेजरचा रुसवा खर्चून हा प्रवास केला. वारजे ते वारजे, व्हाया हडपसर. कुणाला करायचाच असेल तर सोबत पाणी आणि टोपी घ्या.

कारण अर्थातच बाबा. ते भंडाऱ्याकडचे. गावाला लागून तलाव, आणि कामातून सुटलं की तलावाच्या पाळेवर गळ टाकून बसायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि ते एकटे पडले. मी हिंजवडीच्या कंपनीत, फ्लॅट वारज्यात. मी म्हटलं, इकडेच या, कायमचे. गावच्या घराला गिऱ्हाईकही आलं होतं, त्याला सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. बाबा राहून बघायला म्हणून आले ते बांबूची काठी घेऊन. टीव्ही बघून झाला, मॉल बघून झाला, लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही हेही बघून झालं. शेवटी म्हणाले, "मले पाणी दाखव, माय. मंग सांगतो घराचं."

म्हणून शुक्रवारी रजा टाकली. सकाळी निघालो. मी स्कूटर चालवत होते, बाबा मागे, काठी भाल्यासारखी उभी. सिग्नलला थांबलो की शेजारचे रिक्षावाले आधी काठीकडे बघायचे, मग माझ्याकडे.

पहिला थांबा घरापासून दहा मिनिटांवरची बाग. जायला रस्ता बरा आहे, पार्किंग फुकट आहे म्हणून भरलेलं असतं. तळं खरंच छान आहे. फाटकाशी पाटी: मासे पकडू नयेत. माशांना खाऊ घालू नये. पाण्यात दगड मारू नयेत. कठड्यापलीकडे जाऊ नये. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या रंगात: एकदा वाचून समजत नसल्यास पुन्हा वाचावे.

बाबांनी वाचली. मग वॉचमनला नमस्कार करून विचारलं, "इथं गळ टाकाचा असन, तं कोणाले विचाराचं?"

"विचारायचं काय त्यात? पाटी हाय की."

"पाटी आहे, पण मालक कोण?"

"म्युन्सिपालटी."

"म्हंजे कोणता माणूस?"

वॉचमनला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्याने शिट्टी तोंडातून काढली, विचार केला, आणि म्हणाला, "हापिसात जावा."

इथे बाबांच्या गावची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथला तलाव मासेमारांच्या संस्थेकडे. संस्थेतला एखादा म्हातारा पाळेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडत असतो. गळ टाकायचा तर चपला काढून त्याच्यापुढे जायचं आणि विचारायचं. तो कुरकुरतो, आणि मग म्हणतो, 'बस.' त्या 'बस'शिवाय दोरी पाण्यात पडायची नाही. शिवाय पहिला मासा पाण्याचा, म्हणजे परत सोडायचा. बाबांच्या लेखी एवढाच काय तो परवाना.

महापालिकेच्या ऑफिसातले साहेब मात्र सभ्य होते.

"परवाना? कसला?"

"बागेतल्या तळ्यात मासे पकडण्याचा."

"बागेत मासे पकडायला मनाई आहे."

"म्हणून तर परवाना हवाय."

"मनाई असलेल्या गोष्टीचा परवाना नसतो, मॅडम."

आता यात खोट काय काढणार? धरणाच्या पाण्याचं विचारलं, तर तिथली मासेमारी ठेक्याने देतात, ठेकेदार गाठा, म्हणाले. ठेकेदार कुठे गाठायचा? ते त्यांच्या खात्याचं काम नव्हतं. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "माणूस चांगला होता. पण त्याच्यापाशी तलाव नाही."

मग हडपसर. माझ्या कंपनीतल्या एकाने सांगितलं होतं की तिथून पुढे एका फार्मवर पैसे भरून मासे पकडता येतात. दुपारच्या उन्हात शहर आडवं कापून जाणं हा मूर्खपणा आहे, करू नका. वाटेत एका टपरीवजा हॉटेलात पिठलं-भाकरी खाल्ली. ठेचा उत्तम, बाक डुगडुगता.

फार्म म्हणजे प्लास्टिक अंथरलेला खड्डा, भोवती रंगीत छत्र्या. कुठल्याशा कंपनीची टीम आउटिंगला आली होती. "अरे, लाइन टाइट ठेव ना यार!" असा आरडाओरडा चालला होता. गळ टाकायला कुणाला विचारावं लागलं नाही, खिडकीवर पावती मिळाली. बाबांनी गळ टाकला. त्यांचा तरंगा मोरपिसाच्या देठाचा आहे. तो पाण्यावर नीट उभा राहायच्या आत बुडाला. मासा वर. बाबांनी तो हातात धरला, गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अहो काका! सोडायचा नसतो, वजन व्हायचंय!" छत्रीखालचा माणूस धावत आला.

"पहिला मासा पाण्याचा राह्यते."

"इथे नाही राहत."

सोडलेल्या माशाचं अंदाजाने वजन धरून आमच्याकडून पैसे घेतले. हेही लिहून ठेवते, जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "उपाशी ठेवलेत बापडे मासे. येते का नाही येत, हे ठाऊक नसलं तं बसण्यात मजा आहे." मला ते हवे होते, इथे, माझ्याजवळ. पाण्याच्या एका तुकड्यापायी ते परत त्या रिकाम्या घरात जाणार, या विचाराने मला त्यांचा रागही येत होता.

संध्याकाळी निरोप घ्यावा तसे ते म्हणाले, "एकवार ते सकाळचं तळं पाहू." गेलो. कठड्याजवळच्या बाकावर एक आजोबा पेपर घेऊन बसले होते आणि वाचायचं सोडून लोकांवर ओरडत होते. "अहो, पाव टाकू नका! पाटी वाचता येत नाही का?" "तुमचा मुलगा कठड्यावर चढतोय, की तुम्ही चढवताय?"

बाबा थबकले. त्यांचा चेहराच उजळला. मला कळायच्या आत त्यांनी चपला काढल्या, आजोबांपुढे गेले आणि हात जोडले. "मालक, बसू का गळ टाकून?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"मी मालक नाही," आजोबा म्हणाले. "मी फिरायला येतो."

"मंग ओरडून कोण राह्यलं होतं?"

"ते कुणीतरी करायला नको का?"

"तोच मालक," बाबा म्हणाले.

आजोबांनी पेपरची घडी घातली. इतक्या वर्षांत त्या बागेत त्यांचं कुणी ऐकलं नसेल, विचारणं तर दूरच. त्यांनी घसा खाकरला. "गळ चालणार नाही."

"हाव." बाबांनी तिथल्या तिथे गळ सोडवून बुचात खोचला.

"खाद्यही नाही."

कणकेचा गोळा खिशात गेला. उरली काठी, दोरी आणि तरंगा. आजोबा उठले, फाटकापर्यंत गेले, पाटी वाचली. मला वाटतं, दोनदा वाचली. परत येऊन म्हणाले, "नुसत्या दोरीबद्दल काही लिहिलेलं नाही. बसा."

बाबा बसले. बाकावरून काठी कठड्यावर टेकवली, दोरी पाण्यात. गळ नाही, आमिष नाही. दोन म्हातारे त्या तरंग्याकडे असे बघत होते की जणू आत्ता बुडेल. बऱ्याच वेळाने आजोबांनी विचारलं, "येतंय का काही?"

"पाहू," बाबा म्हणाले.

बाग बंद व्हायची शिट्टी होईपर्यंत काही आलं नाही. येणार कुठून?

घरी आल्यावर मी भाजी गरम करत होते. बाबा ओट्याशी आले आणि बुचात खोचलेला गळ माझ्यापुढे ठेवला. "हा ठेव कुठं तरी. लागत नाही आता. आणि त्या माणसाले हो म्हणून सांग, घराचं."

"बाबा, पण इथे मासे पकडता येणार नाहीत. कधीच."

"तिकडं मासे आहेत, माय. पण तुही आई गेली, पाळेवरचा म्हातारा गेला, संगतीचे सारे गेले. आता 'बस' म्हणणारं कोणी नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथं एक भेटला."

मी गॅस बंद केला आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. बाबा शेजारी उभे राहून भाजी ढवळत राहिले.

त्याला आता बरेच महिने झाले. गळ स्वयंपाकघराच्या खिडकीत, बुचातच आहे. गेल्या रविवारी मीही त्यांच्यासोबत बागेत गेले. बाकाच्या अर्ध्या भागावर पेपर पसरून जागा धरलेली होती. आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "उशीर केलात," ते म्हणाले. "बसा."