रफीकभाईंचा शिळा पेपर

आर्णीतले आमचे रफीकभाई मिस्त्री गाडी खोलण्याआधी पेपर वाचत. सुटे भाग मांडायला ते रद्दीतला पेपर अंथरत. पण चष्मा लावून तो पुरता वाचल्याशिवाय त्यावर साधा नटही ठेवत नसत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी बेहत्तर. "एकदा ऑइल सांडलं का बातमी मेली," म्हणायचे. त्यामुळे त्यांना जग नेहमी महिनाभर उशिराच कळे.

माझी कविताही त्यांना अशीच कळली. पत्नी गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. दहा वाजेपर्यंत मी खिडकीसुद्धा उघडत नसे. दिवस नुसता अंगावर यायचा. त्या थंडीवर आणि अंधाऱ्या घरावर कविता लिहिली, एका साप्ताहिकाने छापली. शेवटची ओळ होती, 'माझी वाट पाहणारे आता कुणी नाही.' चार ओळखीच्यांनी "छान जमली" म्हणून कळवलं. खरं सांगतो, मला त्या शाबासकीचा रागच आला.

मग एका सकाळी दार वाजलं. बाहेर मफलर गुंडाळलेले रफीकभाई, हातात माझ्या कवितेचं पान.

"साहेब, हे तुम्हीच लिहिलं न?"

"हो. आवडली?"

"आवडाचं काय त्यात? झूठ लिहिलं तुम्ही! भाभीची स्कूटर दिवाळीपासून माह्या दुकानात उभी हाये. रोज पुसून ठेवतो मी तिले. ते कोणाची वाट पाहून राह्यली? अन् मी? आज साहेब येतीन, उद्या येतीन म्हणून रोज रस्त्याकडे पाहतो, थे कायले?"

स्कूटर दुरुस्तीला टाकली आणि आठवड्यातच पत्नी गेली होती. स्कूटर घरी आणली तर ती चालवणारी आता नाही हे मान्य करावं लागलं असतं, म्हणून मी त्या रस्त्याने जाणंच सोडलं होतं. मी दारातच रडलो. रफीकभाईंनी समजूत वगैरे काही घातली नाही. "चपला घाला," एवढंच म्हणाले.

त्यानंतर रोज नऊला मी दुकानात. त्यांनी गाडी खोलायची, मी शिळा पेपर मोठ्याने वाचायचा. गिऱ्हाइकंही सुखावली.

यंदा ते पांढरकवड्याला मुलाच्या गॅरेजवर गेले. निघताना त्यांनी माझ्या हाती ते कवितेचं पान दिलं. त्यावर ऑइलचा एकही ठिपका नव्हता. फक्त शेवटची ओळ पेन्सिलीने खोडली होती, आणि तिच्या जागी लिहिलं होतं: 'रफीक मिस्त्री, पांढरकवडा, नाक्याजवळ. रविवारी चालू.'