सोमवारचा पाव फेरा

जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात सगळे त्यांना चाकबुवा म्हणत. सोमवारी संग्रहालय बंद, आणि त्या दिवशी प्रत्येक चाक पाव फेरा फिरवायचं, हे त्यांचं काम. गाडी एकाच अंगावर उभी राहिली की लाकडी चाक वाकडं होतं, रबरी चाक चपटं. म्हणून खडूची खूण करून गाडी जराशी ढकलायची. पुढच्या सोमवारी आणखी जराशी, भिंत आली की उलटी मागे. घोडागाड्या अकरा, जुन्या मोटारी सात. तेवीस वर्षांत चाकबुवा त्यांच्यासोबत किती मैल चालले असतील देव जाणे, पण दाराबाहेर एकही गाडी गेली नाही.

ढकलताना ते बोलत. "चला बाईसाहेब, कूस बदला," असं बग्गीला. बायको होती तेव्हा घरी टोमणा ठरलेला: "गाड्यांना बाईसाहेब, आणि मला नुसतं 'अगं'!" तिला जाऊन चार वर्षं झाली. आता घरात सकाळपासून बोलतो तो फक्त प्रेशर कुकर, तोही तीनच शिट्ट्या.

मग नवे साहेब आले. भला माणूस. म्हणाले, "काका, सगळ्या गाड्या लोखंडी टेकूंवर चढवतोय. चाकं अधांतरी राहिली की फिरवायची भानगडच नको. सोमवारी घरी आराम करा!"

चाकबुवांना घर आठवलं. आराम! रविवारचाच कसाबसा संपतो. जन्मात कुठल्याच साहेबाकडे काही न मागितलेला हा माणूस घसा खाकरून म्हणाला, "साहेब, एक तरी राहू द्या जमिनीवर. लोकांना कळायला हवं, गाडी कशी उभी राहते ते."

साहेब हसले. "बरं, एक. तुम्हीच निवडा."

चाकबुवांनी कोपऱ्यातली काळी मोटार निवडली. सगळ्यांत जड. ढकलायला लागलं की इंचभर हलते आणि पुन्हा मागे येते.

तिकीटखिडकीवरच्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो चाकबुवा, ही हट्टी म्हातारी कशाला मागून घेतलीत? ती दोनचाकी घोडागाडी मागायची! बोट लावलं की वळते."

"तेच तर ना," चाकबुवा खिशात खडू चाचपत म्हणाले. "नऊला हात लावला की ती सव्वानऊला वळून मोकळी. मग मी सव्वानऊनंतर काय करू?"