पेल्यातले थर

मी लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा माझे धाकटे दीर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. पुढे एका पावसाळ्यात त्यांची बायको नदीपलीकडच्या अकोट्याला हळदीकुंकवाला गेली आणि परतताना विश्वामित्रीच्या डोहात नाव कलंडली. बाकीचे वाचले. घरात कुणी "ती गेली" म्हटलं, की दीर शांतपणे म्हणत, "गेली नाही. सापडली नाही."

उन्हाळा आला. महाराज विलायतेला होते, शहर सुस्तावलं होतं. दिरांनी रजा काढली होती. रोज दुपारी ते माझ्याकडे काचेच्या पेल्यात कोमट दूध आणि वेगळ्या भांड्यात कढत कोरी कॉफी मागत. कॉफी उंचावरून दुधात ओतत, पेला खिडकीत ठेवत आणि समोर बसत. पीत मात्र नसत.

एकदा मीही बसले. आधी सगळं एकाच मातकट रंगाचं होतं. मग कुणी हात न लावता त्यात आडवे पट्टे उमटू लागले. तळाला पांढरा, त्यावर बदामी, मग तांबूस, वर काळपट. मधल्या रेघा आखल्यासारख्या. मी पेल्याजवळ वाकले.

"हे कोण करतं?"

"कुणी नाही. काचेलगतची कॉफी निवते, जड होते, कडेनं खाली सरकते. तिच्याइतकंच जड दूध भेटलं की थांबते आणि आत वळते. प्रत्येक थरात सगळं फिरतंय, वहिनी, पण आपल्याच थरात. खालचं वर येत नाही." मग ते म्हणाले, "डोहातही असंच असणार."

सासूबाईंनी दर्भाचा पुतळा करून दहन उरकायचं ठरवलं होतं. दीर ऐकेनात. "ती मधल्या थरात अडकली आहे. तिला जाळायचं कसं?"

एका दुपारी ते नदीवर निघाले. "त्याला एकटं सोडू नकोस," म्हणून सासूबाईंनी मला मागे धाडलं. डोह हिरवा, निश्चल होता. पायरीवर बसून ते म्हणाले, "तुम्ही हात घाला. गार थर लागतो का सांगा. माझ्या हाताला मला हवं तेच लागेल."

मी बाही सारून हात घातला. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होतं. आणखी वाकले. एकाएकी बोटं गारठली, मग मनगट. कुणी हात मुठीत धरत यावा तशी ती गार कड वर सरकत कोपरापाशी येऊन थांबली.

पलीकडून एक धोबी ओरडला, "बेन, हाथ बहार काढो! मगर छे!"

मी हात ओढला.

"लागला?" दिरांनी विचारलं.

"नाही. खालपर्यंत सगळं सारखंच आहे."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "मग ती तिथे नाही," म्हणाले आणि उठले.

दिवेलागणीला मी यजमानांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि दचकून सोडला. एवढ्या उकाड्यात कोपराखाली तो अजून गार होता.

दहन झालं. पुढे दीर पुन्हा शिकवायला जाऊ लागले. त्या दुपारबद्दल ते एकदाच बोलले.

"तुम्ही हात फार झटकन काढलात, वहिनी."

"मगरीची भीती वाटली."

"हो," ते म्हणाले, आणि माझ्या हाताकडे पाहत राहिले.