कापलेल्या पिना आणि ज्वारीची कणसं

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शेजाऱ्यांनी दारावर लिंबू-मिरची टांगली म्हणून त्यांच्याशी भांडलेली बाई आहे मी. त्यामुळे "भास झाला असेल हो मॅडम" हे वाक्य मला तरी कुणी ऐकवू नये! गेल्या खंडेनवमीपासून ते ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. माझे वडील, अप्पा, चादरींची डिझाइनं काढायचे. आधी चौकटीच्या कागदावर, मग कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर जुनाट, पण त्यातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नाही, म्हणून त्यांनी तो शेवटपर्यंत बदलला नाही. चालू केला की त्यांचं शेवटचं काम आपोआप उघडायचं. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात, तसे अप्पा हा कॉम्प्युटर पुजायचे. नियम असा, की पडद्यावर नवं डिझाइन उघडायचं, मगच हळदकुंकू. बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला ओवाळणं, असं त्यांचं म्हणणं.

जन्मभर लोकांच्या अंथरुणावर चित्रं काढली, आईसाठी मात्र एकही नाही. मग एकदा कधी नव्हे ते म्हणाले, "तुझ्यासाठी एक करतोय. ज्वारीची कणसं. खंडेनवमीला दाखवतो. कणसावर पाखरं काढू का?"

आईचं माहेर केम गावचं, शेतकऱ्याचं घर. ती म्हणाली, "पाखरं नगं. दाणं खात्यात."

त्याच वर्षी श्रावणात अप्पा गेले. वर्षभर घरात सण नव्हता. दुसरी खंडेनवमी जवळ आली तशी आई म्हणाली, "औंदा मला ते डिझाइन बघायचं हाय. दाखवतो म्हणाले हुते." एवढंच मागणं होतं तिचं. दुसरं काही नाही.

आणि इथंच माझा धाकटा भाऊ सतीश! त्यानं मधल्या काळात अप्पांचा जुना डबडा मॉनिटर भंगारात दिला होता. बदल्यात ऑफिसमधून टाकून दिलेला एक चपटा मॉनिटर आणला. "ताई, फुकट मिळालाय, आणि डिजिटल आहे की!"

डिजिटलच आहे, तीच तर अडचण! त्या मॉनिटरला फक्त डिजिटल सिग्नल कळतो, आणि अप्पांचा कॉम्प्युटर फक्त जुना अ‍ॅनालॉग सिग्नल देतो. एक कानडीत बोलतोय, दुसऱ्याला फक्त मराठी येतंय. मध्ये भाषांतर करणारी एक डबी लागते. ती मी ऑनलाइन मागवली, पण ती येणार दसऱ्यानंतर. म्हणून बाजारात गेले. दुकानदाराला नीट समजावलं, की नुसता जोड नको, सिग्नल बदलणारी वस्तू हवी. तो म्हणाला, "ह्योच घ्या की मॅडम, लई खपतंय."

घरी आणलं तर तो जोड मॉनिटरला बसेचना. एका बाजूला चार पिना जास्त होत्या. मी शाळेत गेल्यावर सतीश तो घेऊन परत दुकानात गेला, आणि त्या दुकानदार महाभागानं काय करावं? कटरनं त्या चार पिना कापून टाकल्या! "बसतंय की आता!"

अहो, चित्र त्याच चार पिनांतून येतं! लग्नाच्या गाडीत जागा होईना म्हणून नवरदेवालाच खाली उतरवला. आणि आमचा भाऊ हसत हसत घरी आला.

तरी लावून पाहिलं. काळा पडदा, "सिग्नल नाही". मी सतीशला नको नको ते बोलले. आई निरांजन घासत बसली. मला ते जास्त लागलं.

खंडेनवमीच्या सकाळी आई म्हणाली, "मशीन चालू तर हाय न्हवं? आत तेंचं चित्र उघडलं आसंल. आपल्याला दिसंना म्हणून काय झालं?" तिनं काळ्या पडद्यालाच हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, ओवाळायला घेतलं...

आणि पडदा उजळला.

चमकणं नाही, थरथरणं नाही. दोन्ही काठांना ज्वारीची कणसं, भरलेली, टपोरी. आणि खाली कोपऱ्यात एकच पाखरू, चोचीत दाणा.

आईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडणार. तर ती चक्क हसली! "नगं म्हणलं हुतं की! तरी एक काढलंच!" अप्पा गेल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. सतीश तोंड उघडं टाकून उभा. मी फोन काढला आणि फोटो घेतला. आईनं डोळे भरून पाहिलं, मग म्हणाली, "बास. बगितलं." पडदा काळा झाला. सिग्नल नाही.

त्यानंतर मी काय नाही केलं? वायर बदलली, जोड काढून परत बसवला, डझनभर वेळा कॉम्प्युटर बंद-चालू केला. काही नाही. मग ती डबी आली. तिच्यातून चित्र व्यवस्थित आलं... पण डिझाइन अर्धंच. एका काठाला कणसं, दुसरा काठ कोरा. पाखरू नाही. फाइल शेवटची साठवल्याची तारीखही अप्पा असतानाचीच. माझ्या फोटोत मात्र दोन्ही काठ आहेत आणि पाखरूही आहे.

फोटो दाखवला की स्टाफरूममध्ये म्हणतात, एआयनं केलाय. सतीश म्हणतो लूज कनेक्शन असेल. लूज कनेक्शननं अर्धी चादर पुरी होते होय रे? आणि दुकानदार! तो तर आता गिऱ्हाइकांना सांगतोय, "मॅडमच्या घरी चालतंय की!" आणि बिनधास्त पिना कापतोय. ह्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

कापलेल्या पिनांतून चित्र येत नाही, हे मी आजही वर्गात शिकवते आणि ते खरंच आहे.

आईनं त्या फोटोवरून चादर विणून घेतली. विणायला देण्याआधी मी तिला विचारलं होतं, "आई, तुला नको होतं ना ते पाखरू? काढून टाकायला सांगू?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एकच हाय. किती खाईल?"