गिनतीतलं बाळ

रुखसानाचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी बंद केलेला गुळाचा खडा मी नुकताच तोंडात टाकला होता. सून बाहेर पडली की फडताळातल्या डब्याशी माझं असं गुपचूप काम चालतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एवढी चोरी माफ असावी. "मावशी, अम्मी गेली," रुखसाना म्हणाली. मग जरा थांबून, "सकाळी तुमचं नाव घेत होती." खडा तोंडात विरघळत राहिला. देवळाली प्रवराहून बेलापूरला पोचले तोवर शकीलाला नेलं होतं. अंगणात बायका बसल्या होत्या, दाराशी चपलांचा ढीग होता... "शेवटचं तोंड बघायलाबी उशीर केलास व्हय, सरू?" असं तीच म्हणाली असती.

शकीला आणि मी जिल्ह्यातल्याच एका तुरुंगात बायकांच्या बराकीवर शिपाई होतो. तुरुंगाचं नाव सांगत नाही. ते ऐकलं तरी मी अजून टाचा जुळवून उभी राहते. आमच्याकडच्या काही बाया मनानं आजारी असायच्या. तेव्हा आम्ही त्यांना सरळ 'वेड्या' म्हणायचो आणि शेवटच्या खोलीत ठेवायचो. त्यांची जागा इस्पितळात आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण कागद इकडून तिकडे जायला महिनेच्या महिने लागत. तोवर त्यांचं सगळं करायचं आम्ही, आणि आम्हाला शिकवलेलं काय, तर कुलूप कसं लावायचं. शकीला आपल्या मनानं शिकली होती. मी पुस्तकातून शिकले होते. त्या वेळची मी म्हणजे खाकी साडीची इस्त्री मोडेल म्हणून रिकाम्या एसटीतही उभी राहून येणारी बावळट. नियम सगळे तोंडपाठ, आणि घरी डाळीत मीठ दोनदा. बंदी बाया शकीलाला 'आपा' म्हणत. मला 'ओ शिपाईबाई'. हे मला किती झोंबायचं ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हसून नाही म्हटलं असतं.

गिरजा आली ती पाथर्डीकडची, ऊसतोडीच्या टोळीतली. फडावर तिचं तान्हं तापानं गेलं. त्यानंतर तिनं मुकादमाची कोपी, पाचटाची झोपडी, पेटवून दिली. माणूस कुणी दगावलं नाही, पण खटला उभा राहिला आणि ती कच्ची कैदी म्हणून आमच्याकडे आली. अंगावरच्या चादरीची गुंडाळी करून ती मांडीवर घेऊन बसायची, तिला थोपटायची. संध्याकाळी बराक बंद करण्याआधी गिनती होते. बायांनी दोन-दोनच्या रांगेत बसायचं, शिपायानं मोजायचं, आकडा रजिस्टराशी जुळला की कुलूप. एक जरी कमी भरली तरी सगळा तुरुंग खोळंबतो. गिरजा पहिले चार दिवस रांगेत बसेचना. ओढून बसवली की उठायची. "माझं लेकरू मोजलं न्हाई," एवढंच म्हणायची. बाया म्हणत, "हिला धरून बांधा."

शकीलानं बांधलं नाही. आम्ही सगळ्या हातातल्या काठीनं हवेत मोजायचो, ती मात्र एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत जायची. पाचव्या दिवशी गिरजापाशी आली, म्हणाली, "सोळा." मग चादरीच्या गुंडाळीवर हात ठेवला. "आन् ह्यो बाळ." गिरजा गप बसली. रजिस्टरात शकीलानं सोळाच लिहिले. त्या दिवसापासून गिरजा जेवायला लागली, हळूहळू अंघोळीला जाऊ लागली. एकदा तर शकीलाला म्हणाली, "आपा, आज त्यो झोपलाय, हळू मोजा." शकीला खरोखरच हळू मोजायला लागली. मी खिडकीतून बघत होते. आणि काय पाहिलं मी? तर गिनतीत घोटाळा!

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत जाऊन ताठ उभी राहिले आणि बंदींची संख्या तोंडी एक आणि लेखी एक अशी मोजली जात असल्याचं कळवलं. वाक्य रात्री पाठ केलं होतं, त्यामुळे अडखळले नाही. साहेब म्हणाले, "तुमचं नाव गुप्त राहील." मला वाटलं, शाबासकी मिळाली. आठवड्याच्या आत शकीलाची बदली झाली, पार मराठवाड्यात. तिची रुखसाना तेव्हा पाच वर्षांची. पोर बेलापूरला आजीकडे ठेवून ती गेली आणि परत यायला तिला तीन वर्षं लागली.

ती गेली त्या संध्याकाळी गिनती माझ्याकडे आली. मी काठीनं मोजत मोजत गिरजापाशी पोचले. "सोळा." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आन् बाळ?" मी म्हणाले, "रजिस्टरात नाव न्हाई." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही मी. गिरजानं मांडीवरची चादर उलगडली. झटकली. आत पाहिलं... आणि मग ती शोधायला लागली. घोंगड्यांखाली, पाण्याच्या पिंपात, दुसऱ्या बायांच्या पदरात. आठ-दहा दिवस शोधत होती. अन्न सोडलं तेव्हा कुठे कागद हलले आणि तिला मनोरुग्णांच्या इस्पितळात नेलं. गाडीत चढतानाही ती वाकून गाडीखाली बघत होती. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला एक पत्र पुरलं असतं. मी ते लिहिलं नाही.

शकीला परत आल्यावर एक दिवस भाकरी खाता खाता म्हणाली, "माझी चुगली मथुरानं केली. त्या आठवड्यात सांजच्याला माझ्यासंगं तीच तर हुती." मथुरा म्हणजे केडगावची, आमच्याचबरोबर भरती झालेली, भोळी बाई. मी म्हणाले, "असेल बाई." दोन शब्द. भाकरीचा घास गिळण्याआधीच बोलून मोकळी झाले. त्यानंतर दर ईदला शीरखुर्म्याचा डबा माझ्या घरी यायचा आणि मथुराकडे जायचा नाही. मी तो वाटीवाटीनं खाल्ला, वर चारोळ्या कमी पडल्यात म्हणून नावंही ठेवली. सेवानिवृत्त झालो, नातवंडं झाली. शकीला मथुराचं नाव निघालं की विषय बदलायची आणि मीही तिला बदलू द्यायची.

मागच्या दिवाळीनंतर तिला भेटायला गेले ते ठरवून गेले होते की आज सांगायचंच. ती खाटेवर होती, पण जीभ शाबूत. "लई बारीक झालीस गं. अंगालाबी इस्त्री करून घेतलीस का?" दोघी हसलो. मी म्हणाले, "शकीला, एक सांगायचं होतं..." तिनं माझा हात धरला. "सांग की. तुझ्याबिगर त्या तुरुंगात माझं हुतं कोन?" मी सुनेच्या तक्रारी सांगितल्या. अर्धा तास.

चाळिसाव्या दिवशी शकीलासाठी फातिहाची प्रार्थना होती. मथुरा केडगावहून एसटीनं आली होती, कुणी न बोलावता. दाराजवळ ओट्यावर बसली, मी शेजारी. जेवणं झाल्यावर हळूच म्हणाली, "सरू, शकीला माझ्यावर का रुसली हुती गं? तुला कधी बोलली का? तिच्या घरचं मटन मी एकदा नको म्हनले हुते, त्याचा राग धरला आसंल. माझा उपास हुता. चार येळा निरोप धाडला मी, उपास हुता म्हनून."

मी सांगितलं. सगळं. साहेबांची खोली, पाठ केलेलं वाक्य, 'असेल बाई'. "मथुरे, माझं चुकलं," मी म्हणाले. तिनं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "व्हय?" म्हणाली. "आन् मी मटनाचं धरून बसले इतकी वर्सं..." मग म्हणाली, "आता मला काय सांगतीस? तिला सांगायचं हुतं."

मागे वळले तर रुखसाना दारात उभी होती, हातात उष्ट्या ताटांची चळत. किती ऐकलं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मथुरा गुडघ्यावर हात टेकत उठली आणि तिला म्हणाली, "बाळा, तुझ्या आईची खोली कंची गं? मी कधी पाह्यली न्हाई." रुखसानानं ताटं तिथंच खाली ठेवली आणि तिचा हात धरून तिला आत नेलं.

मीही उठले. दारातून दिसत होतं, मथुरा खाली जमिनीवरच बसली होती, शकीलाच्या उशीवर हात ठेवून. खिडकीत चष्मा तसाच होता, खाटेच्या कडेला घडी घातलेली नमाजाची जानमाज. रुखसानानं माझ्याकडे पाहिलं. दार लावलं नाही, पण "या मावशी" असंही म्हणाली नाही. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले. त्या घरात आजवर मी कधी विचारून शिरले नव्हते.