पांढऱ्या बोर्डावरचा मंगळ

हसणार नाही अशी शपथ घ्या, मगच सांगते. जाऊ दे, हसणारच तुम्ही. हसा! पण चहा सांडू नका, आणि ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचू देऊ नका.

खांदा कॉलनीत माझं नाव आहे. भांडखोर म्हणून. कॉलेजात असताना पनवेल स्टँडसमोर मी अंधश्रद्धेविरुद्ध पथनाट्यं केली. दुकानावर टांगलेली लिंबू-मिरची दिसली की दुकानदाराला विचारायची, "काका, सरबत करू का?" आता मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मला रोशनशी लग्न करायचं होतं. रोशन गव्हाणचा, आगरी. बाबांना जातीची हरकत नव्हती, पगाराची नव्हती. अट एकच.

"ताईने एकदा पत्रिका बघू दे. तिचं हो, तर माझं हो."

ताई म्हणजे माझी आत्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ती पत्रिका बघते, आणि तिचं मत बाबा कधीच मोडत नाहीत.

"बाबा, चार रेघा मारून बारा खोके काढायचे आणि त्यावर माझं आयुष्य ठरवायचं?"

"खोके नाहीत, घरं म्हणतात. पहिलं आपलं स्वतःचं, चौथं सुखाचं, सातवं जोडीदाराचं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ बसला, की मंगळाची पत्रिका."

बस! मी ठरवलं, यांना यांच्याच शास्त्राने हरवायचं. तीन दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले. दुप्पट वेगाने! पहिलाच व्हिडिओ होता, 'पत्रिका कशी वाचावी'. तो सोडून दिला. बालवाडीत कोण बसणार?

मग स्वतःची पत्रिका उघडली. प्रत्येक खोक्यात एक आकडा, एक ते बारा. सात आकड्याचा खोका रिकामा! आणि मंगळ कुठे? जिथे तीन लिहिलंय तिथे. तिसरं घर म्हणजे पराक्रमाचं! मी कॉटवर उडीच मारली. मंगळालासुद्धा कळत होतं माझं घर कुठलं ते.

रविवारी आत्या सकाळीच आली, मग रोशन आणि त्याची आई आमच्याकडे आले. काकूंनी वालाच्या शेंगांची पिशवी बाबांच्या हातात ठेवली आणि आधीच सांगून टाकलं, "आमी पत्रिका-बित्रिका बगत नाय हां दादा. आमी मानूस बगतो."

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? चहा आणला असता. मी क्लासचा पांढरा बोर्ड आणला.

सोफ्यासमोर उभा केला, माझी पत्रिका मोठी काढली, आणि लाल मार्करने मंगळ. क्रिकेटच्या चेंडूएवढा!

आत्या गडबडीने म्हणाली, "केतकी, मी सगळं बघितलंय. जुळतंय. संपला विषय. चहा टाक."

बाबांचा चेहरा खुलला. रोशनने सुटकेचा श्वास सोडला. लग्न ठरलं होतं हो! त्या क्षणी ठरलं होतं!

पण मी? मला वाटलं, ही घाबरली.

"तसं नाही चालणार, आत्या! मला तुझी दया नको. सगळ्यांसमोर सिद्ध झालं पाहिजे."

"केतकी, जरा ऐक..." रोशन.

"तू गप्प बस! सातव्या घरात मंगळ निघाला तर हे लग्न मी स्वतः मोडते. आणि नाही निघाला तर या घरात पुन्हा पत्रिकेचं नाव कुणी काढायचं नाही. कबूल?"

बाबा बोर्डाकडे बघत होते. "अगं, पण सगळ्यात वर मधोमध तर पहिलं घर असतं ना? तिथे नऊ कसा लिहिलायस?"

"बाबा, मध्ये बोलू नका! आत्या, ऊठ. तूच मोज."

आत्या उठली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. आणि इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आकडे राशींचे असतात गं. घरांचे नाहीत. घर मोजायचं या वरच्या मधल्या चौकोनापासून, डावीकडे. आकडा कुठलाही असो."

बोट फिरू लागलं. एक. दोन. तीन. गणिताची शिक्षिका बघत उभी. चार. पाच. सहा.

सात. बरोबर लाल चेंडूवर.

काकूंनी शेंगांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग? मोडलंस का लगीन?"

"काकू, मी हे मानतच नाही!"

"आत्ता तं मानत व्हतीस."

रोशन पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. आणि मी, पथनाट्यवाली, लिंबू-मिरचीचं सरबत करणारी मी, आत्याजवळ सरकले आणि पुटपुटले, "आत्या... याला काही अपवाद असतो का गं?"

"असतो," आत्या म्हणाली. "पण तुला दया नको होती ना?"

मग तिने वरच्या चौकोनावर बोट ठेवलं. पहिल्या घरात माझा गुरू बसलाय, त्याची दृष्टी समोर थेट सातव्या घरावर, म्हणून मंगळाचा दोष जातो. तिने हे कधीच बघून ठेवलं होतं. पाहुण्यांसमोर मंगळाचं नाव निघू नये, म्हणून नुसतं 'जुळतंय' म्हणाली होती.

मी काकूंसमोर उभी राहिले. "चुकले. शब्द मागे घेते. मला लग्न करायचंय."

"घे, बाय," काकू म्हणाल्या. "आमच्या घरान चुकलं म्हननारा एक तं मानूस हवाच व्हता. आता तरी च्या टाक."

मी अजूनही पत्रिका मानत नाही. सांगून ठेवते! लग्न नोंदणी कचेरीत, मुहूर्त न बघता. हरायला मी तयार आहे, बदलायला नाही.

परवा उलव्याला फ्लॅट बघायला गेलो. बांधकाम चालूच, लिफ्ट नाही, फ्लॅट सातव्या मजल्यावर. रोशनला धीर निघत नव्हता, म्हणून तो पुढे गेला. मी मजले मोजत चढले, उघड्या दारातून आत शिरले, बाल्कनी बघितली, स्वयंपाकघर बघितलं आणि ओरडले, "रोशन, ठरलं! हेच घर!"

वरून आवाज आला, "केतकी, अजून एक मजला आहे! कुठून मोजलंस?"