साखरेने भरलेली माझी पहिली बोट

विमान उतरू लागलं तेव्हा खिडकीतून आधी प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसली आणि तिच्या आत नुसता ऊस. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्याआधी अकरा वर्षं मी मालवाहू जहाजांवर होतो, कप्तानाचं प्रमाणपत्रही मिळवलं होतं. पण एका सुट्टीत घरी गेलो, तर माझी तीन वर्षांची मुलगी मला 'काका' म्हणाली. समुद्र सोडून मी मुंबईतल्या एका साखर-व्यापारी पेढीत उमेदवारीवर लागलो. मॉरिशसला जाऊन जहाजभर साखर नीट भरून घेणं, ही पहिली कामगिरी. ती फसली, तर पुन्हा जहाजच.

विमानतळावर गणपतराव आले होते. आमच्या पेढीचं तिथलं काम ते पाहत. पन्नाशीचे, शिडशिडीत, पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आलेले.

"वोयाज (प्रवास) बरा झाला ना? चला, बातो (जहाज) लागलाय धक्क्याला," ते म्हणाले. त्यांची मराठी अर्धी समजली, पण कानाला परकी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट लुईच्या बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं आणि सवयीने मी जुनी खलाशी-पुस्तिका पुढे केली. "तुमी आता व्यापारी हाव!" गणपतराव हसत म्हणाले. मला मात्र तसं अजून वाटत नव्हतं.

जहाजाचे चारही होल्ड (माल भरायची तळकोठारं) झाडून लख्ख केलेले होते. पण तिसऱ्या होल्डच्या झाकणाखालचं रबर मला कडक, चकाकतं दिसलं. असं रबर घट्ट बसत नाही, आणि आत पाणी शिरलं की साखर गेलीच. साखर भरण्याआधी सगळ्या झाकणांवर पाण्याचा फवारा मारून बघू, असं मी कप्तानाला सांगितलं. तो भडकला. "मागच्याच बंदरात तपासलीत!"

मुंबईला पेढीत फोन लावला. साहेबांचा आवाज थंड होता. "भरणं लांबलं तर जाब तुम्हाला द्यावा लागेल. नक्की खात्री आहे?"

"आहे," म्हणालो. नव्हती. शंका मात्र पक्की होती.

दुपारी फवारा सुरू झाला. मी विजेरी घेऊन होल्डमध्ये उतरलो. पहिलं झाकण कोरडं. दुसरंही कोरडं. वरून कप्तान काहीतरी बोलला आणि खलाशी हसले. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. तिसऱ्या होल्डमध्ये बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यात टप्पकन थेंब पडला, पाठोपाठ दुसरा, आणि बघता बघता धार लागली.

"पाणी! धो धो!" मी खालून ओरडलो. इतक्या आनंदाने कुणी गळतीची बातमी दिली नसेल.

कप्तान स्वतः शिडी उतरून आला, धारेखाली हात धरला आणि वर जाऊन नवं रबर बसवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारा मारला, थेंबही आला नाही. मगच सरकत्या पट्ट्यावरून तपकिरी साखर होल्डमध्ये कोसळू लागली. काकवीचा वास बंदरभर पसरला. संध्याकाळी साहेबांचा टेलेक्स आला: 'उत्तम. नोकरी पक्की समजा.' तो मी तीनदा वाचला.

रविवारी गणपतराव मला बों अक्योय या गावी, आपल्या घरी घेऊन गेले. त्याआधी सांत्र द फ्लाकच्या बाजारात गरम दाल पुरी (डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी) उभ्यानेच खाल्ली. घरामागे लगेच ऊस. त्यांच्या पत्नी जानकीबाईंनी भात, ब्रेद (पालेभाजी) आणि माशाचं कालवण वाढलं.

"दर्या सोडलाव, सय नाय येत?" त्यांनी विचारलं.

"येते. पण पोरीची जास्त यायची."

"मग बरा केलाव," म्हणून त्यांनी न विचारता आणखी भात वाढला. त्या दुपारी ओटीवर मला गाढ झोप लागली. किती तरी आठवड्यांनी.

निघण्याच्या दिवशी सकाळी बोट बंदराबाहेर पडताना पाहिली. मी काठावर आणि जहाज निघालेलं, हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच. जीव कासावीस होईल असं वाटलं होतं, झाला नाही. माझं शिक्षण वाया गेलं नव्हतं, फक्त ते वापरून रोज घरी जाता येणार होतं.

मुंबईला बायकोने दार उघडलं. जहाजावरून आलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे. तोच सवयीने तोंडातून गेला, "आता परत कधी जायचं?"

"सोमवारी," मी म्हणालो. "साडेनऊला. ऑफिसात."